डायलिसिसवरील रुग्णाचा आहार व दिनक्रम

मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे आयुष्य संपले, अशी समजूत खेडोपाडी आजही आढळते. दुसऱ्या बाजूला, डायलिसिस सुरू झाले म्हणजे रोग बरा झाला, आता पथ्याचे कारण नाही, असेही काही कुटुंबे मानतात. या दोन्ही समजुती रुग्णाला घातक ठरतात. नियमित उपचार, योग्य आहार आणि घरच्यांची साथ लाभली, तर डायलिसिसवरील रुग्ण वर्षानुवर्षे जगतो. शिक्षक वर्गावर जातो, शेतकरी हलकी कामे करतो, गृहिणी संसार सांभाळते. यासाठी काय करावे लागते, हे रुग्णाइतकेच गावातील जाणत्या मंडळींनीही समजून घेणे आवश्यक आहे.

यंत्राचे बारा तास

निरोगी मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातून दीड-दोन लिटर लघवी तयार होते. रक्तातील टाकाऊ द्रव्ये, जादा पाणी व क्षार बाहेर टाकणे, रक्तदाब सांभाळणे, रक्तपेशींच्या निर्मितीला चालना देणे आणि हाडांसाठी 'ड' जीवनसत्त्व कार्यक्षम करणे, ही सारी त्यांची कामे होत. दीर्घकाळचा मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही मूत्रपिंडे निकामी होण्याची प्रमुख कारणे आहेत.

हे काम यंत्राकडून करून घेण्यात प्रथम यश आले ते नेदरलँड्सचे डॉ. विलेम कोल्फ यांना. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ मध्ये, त्यांनी सेलोफेनच्या नळीतून रक्त फिरवणारे यंत्र वापरात आणले. मात्र तेव्हा प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. त्यामुळे उपचार फार दिवस चालू शकत नसे. १९६० मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम बसवता येणारी नळी तयार केली. १९६६ मध्ये हाताची रोहिणी व नीला शस्त्रक्रियेने जोडण्याची 'फिस्टुला' पद्धत प्रसिद्ध झाली आणि दीर्घकालीन डायलिसिसचा मार्ग मोकळा झाला.

आज बहुतेक रुग्णांना आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, डायलिसिस घ्यावे लागते. म्हणजे आठवड्याच्या १६८ तासांपैकी यंत्र केवळ १२ तास काम करते. उरलेल्या १५६ तासांत जे पाणी व क्षार शरीरात जातात, ते साचत राहतात. पथ्याचे सारे महत्त्व या साध्या हिशेबात आहे.

पाणी आणि मीठ

साधारणपणे आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली, त्यात अर्धा लिटर मिळवून येईल तेवढेच द्रव दिवसभरात घ्यावे, असे सांगितले जाते. द्रव म्हणजे केवळ पाणी नव्हे; चहा, ताक, आमटी, पेज, बर्फ हे सर्व या मोजणीत येते. दिवसाचे पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवावे आणि लहान पेल्याने प्यावे, म्हणजे हिशेब राहतो.

घरात वजनकाटा असल्यास रोज सकाळी वजन करावे. दोन डायलिसिसच्या दरम्यान वाढलेले एक किलो वजन म्हणजे साचलेले एक लिटर पाणी होय. हे पाणी फार वाढले तर फुप्फुसांत उतरते आणि रुग्णाला धाप लागते. ते यंत्राने घाईने काढावे लागले, तर रक्तदाब उतरतो, पायांत गोळे येतात.

तहानेचे मूळ मिठात असते. म्हणून लोणचे, पापड, फरसाण, सुकी मासळी व वरून घेतलेले मीठ वर्ज्य करावे. सैंधवही मीठच आहे. बाजारात मिळणाऱ्या 'कमी सोडियमच्या' मिठात बहुधा पोटॅशियम असते. ते या रुग्णांना अधिकच धोक्याचे. घरात वेगळा स्वयंपाक करणे अवघड असल्यास मीठ घालण्यापूर्वी रुग्णाचा वाटा बाजूला काढावा.

पोटॅशियमचा धोका

रक्तातील पोटॅशियम प्रमाणाबाहेर वाढले, तर हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि कोणतीही पूर्वसूचना न देता हृदय बंद पडू शकते. एरवी पौष्टिक मानलेले पदार्थच येथे घातक ठरतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. शहाळ्याचे पाणी, केळी, मोसंबी-संत्र्याचा रस, खजूर, सुकामेवा, टोमॅटो, बटाटा, रताळे यांत पोटॅशियम विपुल असते. आजाऱ्याला भेटावयास जाताना शहाळे किंवा मोसंबी नेण्याची आपली रीत या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. उपवासाचे दिवसही जपावे लागतात. साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा व शेंगदाणे दोन्ही असतात. कमरख हे फळ तर मूत्रपिंडाच्या रुग्णाने मुळीच खाऊ नये. त्यातील विषारी द्रव्य मेंदूवर परिणाम करते. सफरचंद, नासपती, अननस अशी फळे बेताने चालतात.

भाजीतील पोटॅशियम कमी करण्याची रीत सोपी आहे. भाजी सोलून बारीक चिरावी, भरपूर कोमट पाण्यात दोन तास भिजत ठेवावी, ते पाणी फेकावे, मग नव्या भरपूर पाण्यात उकडून तेही पाणी ओतून द्यावे आणि नंतर फोडणीस टाकावी. त्या पाण्याचे सार मात्र करू नये.

प्रथिने आणि फॉस्फरस

डायलिसिस सुरू होण्यापूर्वी डॉक्टर प्रथिने कमी करावयास सांगतात. पुष्कळ कुटुंबे तेच पथ्य पुढेही चालवतात आणि रुग्ण खंगत जातो. वास्तविक डायलिसिसमध्ये काही प्रथिने शरीराबाहेर जातात. म्हणून आता गरज वाढलेली असते. सामान्यतः दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीस ६० ते ७२ ग्रॅम. अंड्याचा पांढरा भाग, ताजी मासळी व कोंबडी ही चांगली साधने होत. शाकाहारी रुग्णाने डाळी, दही व पनीर किती घ्यावे, हे आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे; कारण त्यांत फॉस्फरस व पोटॅशियमही असते.

रक्तातील फॉस्फरस वाढला की अंगाला खाज सुटते, हाडे ठिसूळ होतात, रक्तवाहिन्या कठीण बनतात. बाटलीबंद कोला पेये व डबाबंद पदार्थ यासाठी टाळावेत. फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्याव्यात. रिकाम्या पोटी त्यांचा उपयोग होत नाही. प्रत्येक रुग्णाची लघवी, वजन व रक्ताचे अहवाल निराळे असतात. शेजारच्या रुग्णाचे पथ्य उचलू नये.

हाताची निगा

फिस्टुलाचा हात ही रुग्णाची जीवनवाहिनी आहे. त्या हातावर रक्तदाब मोजू नये, सुई टोचू नये, जड ओझे उचलू नये, घट्ट बांगड्या किंवा घड्याळ घालू नये. त्या जागी बोटे ठेवली असता जाणवणारी थरथर रोज तपासावी. ती थांबल्यास त्याच दिवशी केंद्र गाठावे. कावीळ 'ब' ची लस घ्यावी. अंगदुखीच्या गोळ्या व अनोळखी भस्मे डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत.

गावाची जबाबदारी

डायलिसिसची पाळी चुकवणे हा सर्वांत मोठा धोका होय. दोन पाळ्यांतील दीर्घ खंडानंतर मृत्यूचे प्रमाण वाढते, असे आढळले आहे. परंतु पाळी चुकते ती बहुधा निष्काळजीपणाने नव्हे. बस चुकते, मजुरी बुडते, सोबतीला माणूस नसतो. केंद्र सरकारने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत ही सेवा उपलब्ध झाली. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. कागदपत्रांअभावी कोणी वंचित राहू नये, हे ग्रामसेवक व सरपंच यांनी पाहावे.

एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी लागते. टंचाईच्या दिवसांत टँकरचे व वीजपुरवठ्याचे नियोजन करताना डायलिसिस केंद्राला अग्रक्रम मिळाला पाहिजे. रुग्ण शिक्षक अथवा कर्मचारी असल्यास त्याच्या कामाच्या वेळा डायलिसिसच्या वारांशी जुळवून देणे कार्यालयप्रमुखाला सहज शक्य असते. वाट दूरची असेल, तर पोटाच्या पडद्यातून घरीच करता येणाऱ्या डायलिसिसविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मूत्रपिंड प्रत्यारोपण हा अनेकांसाठी अधिक चांगला उपाय असून १९९४ च्या कायद्याने त्याला रीतसर चौकट दिली आहे.

ग्रामसभेत मधुमेह व रक्तदाब तपासणीचे दिवस नेमले, तर गावातील पुढचे रुग्ण आधीच वाचतील. आणि आज जो रुग्ण आठवड्यातून तीनदा पहाटेची बस गाठतो, त्याला सोबत, योग्य जेवण आणि चार धीराचे शब्द मिळाले, तर त्याचे जगणे सुसह्य होईल.