तीच युक्ती, नवा खेळ

नवा व्हिडिओ गेम आला की गेमर मित्रांमध्ये पहिली तक्रार ठरलेली असते : ‘हे तर त्या अमक्या गेममधलंच आहे!’ अनेक वर्षं खेळल्यावर ही तक्रार मला पटेनाशी झाली आहे. ज्याला आपण गेमप्ले मेकॅनिक्स म्हणतो, त्या खेळाच्या युक्त्या एका गेममधून दुसऱ्यात जायलाच हव्यात. खेळता खेळता जे उमगलं ते असं.

१. युक्ती तीच असली तरी अर्थ बदलतो.
‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’मध्ये (२००३) उडी चुकली तर खंजिरातली वाळू खर्चून वेळ काही सेकंद मागे नेता येते. वाळू संपली की सोयही संपली, त्यामुळे प्रत्येक कड्यावर जीव मुठीत असतो. जोनाथन ब्लोच्या ‘ब्रेड’ने (२००८) ही मर्यादाच काढून टाकली. हवं तितकं मागे जा! मरणाची भीती गेली, पण काही वस्तू या उलट्या वेळेला जुमानत नाहीत आणि त्यातून कोडी तयार होतात. ‘लाइफ इज स्ट्रेंज’मधली (२०१५) मॅक्स तर झालेलं संभाषण मागे फिरवते. समोरच्याचं गुपित ऐकायचं, मागे जायचं आणि ते आधीच ठाऊक असल्यासारखं बोलायचं. निर्णयही बदलता येतो, पण त्याचे दूरचे परिणाम त्या क्षणी दिसत नाहीत. दोन्ही पर्याय पाहूनही मी तिथे अडकून बसलो आहे. प्रिन्सच्या उड्यांनी अशी घालमेल कधी केली नव्हती.

२. आजची सवय काल परकी होती.
डाव्या स्टिकने चालायचं, उजवीने बघायचं, हे आता हाताला न सांगता कळतं. प्लेस्टेशनवरच्या ‘एलियन रेझरेक्शन’ने (२०००) हेच केलं, तेव्हा मात्र समीक्षकांनी नाकं मुरडली होती. पुढच्याच वर्षी ‘हेलो’ने ती पद्धत घरोघरी नेली. पहिल्यांदा कंट्रोलर धरणाऱ्याला ती आजही अवघडच जाते. त्याला हसू नये, थोडा वेळ द्यावा.

३. युक्ती उचलली तर तिचं कारणही उचलावं.
‘डार्क सोल्स’मध्ये मेलात की जमवलेले सोल्स तिथेच पडतात आणि परत आणायला जाताना पुन्हा मेलात तर कायमचे जातात. तेच चलन आणि ताकद वाढवण्याचं साधनही तेच, म्हणून ते जिव्हारी लागतं. ‘हॉलो नाइट’मध्ये (२०१७) पैसे परत मिळवायला स्वतःच्याच सावलीशी लढावं लागतं आणि ती सावली कथेचाच भाग निघते. जिथे पैशाला काही किंमतच नाही, अशा गेममध्ये ही शिक्षा नुसता हेलपाटा ठरते.

४. युक्तीवर कुलूप नको.
गेम लोड होताना छोटा खेळ खेळू देण्याच्या कल्पनेवर नॅमकोचं पेटंट होतं. ते २०१५ मध्ये संपलं. शत्रू तुम्हाला लक्षात ठेवतात, बढती मिळवतात, सूड घ्यायला परततात, ही ‘शॅडो ऑफ मॉर्डॉर’मधली (२०१४) विलक्षण रचना. वॉर्नर ब्रदर्सला २०२१ मध्ये तिचं पेटंट मिळालं. त्याच गेममधलं भिंती-मनोरे चढणं ‘असॅसिन्स क्रीड’ खेळलेल्या कुणालाही लगेच ओळखू येतं. इतरांच्या वाटेने आलेल्याने मागची वाट बंद करावी, हे मला मुळीच मान्य नाही.

५. ओळखीच्या हालचालींत आपली गोष्ट सांगता येते.
पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) घ्या. भिंतीवरून धावणं, खांबाभोवती फिरून वार करणं खेळाडूच्या हाताला नवं वाटत नाही. पण पहाडी चित्रांची शैली, छायाबाहुल्यांतून उलगडणारी कथा आणि ती सांगणारे दुर्गा-विष्णू दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मला भेटले नव्हते. मराठी मुलामुलींनो, गेम बनवायला बसाल तेव्हा उडी नव्याने शोधत बसू नका. ती मोकळेपणाने घ्या आणि उडी मारून पोचायचं कुठे, त्यावर मेहनत करा.