किल्ली कोणी नेली? : स्मृतिभ्रंश आणि घरातील हरवलेल्या वस्तू

वय झाले की विसरायला होते, असे आपण सहज म्हणतो. चष्मा कपाळावर आणि शोध साऱ्या घरात, हा तर घरोघरचा विनोद. परंतु किल्ल्या पिठाच्या डब्यात निघू लागल्या, ‘तूच ठेवल्यास’ असे सांगूनही आईला पटेना आणि दर वेळी कोणावर तरी चोरीचा आळ येऊ लागला, तर तो विनोद राहत नाही. त्यामागे स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, असू शकतो. भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना हा विकार असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीचा अंदाज आहे.

या विकाराच्या वैद्यकीय इतिहासातच हरवलेल्या वस्तू आहेत. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्युबिंगेन येथे ऑगस्टे डी. या स्त्रीची हकिकत मांडली. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आली तेव्हा ती ५१ वर्षांची होती. ही बाई घरातल्या वस्तू इकडून तिकडे नेते आणि लपवून ठेवते, अशी नोंद त्यांनी केली आहे. पुढे १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी या रोगाला अल्झायमर यांचे नाव दिले.

असे का होते? मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग नव्या घटनांची नोंद करून ठेवण्यास मदत करतो. अल्झायमरच्या विकारात त्याला लवकर इजा पोहोचते. आपण किल्ली विसरतो तेव्हा मागची पावले आठवत जातो आणि ती सापडते. रुग्णाच्या मनात त्या पावलांची नोंदच झालेली नसते. म्हणून ‘नीट आठवून बघ’ हा उपदेश व्यर्थ होय. जे नोंदलेच गेले नाही ते आठवणार कसे? वस्तू जागेवर नाही एवढे मात्र दिसते. मग मन स्वतःच कारण जुळवते : ‘कोणीतरी नेली.’ हे खोटे बोलणे नव्हे.

मात्र सर्वच स्मृती एकदम जात नाही. १९५३ साली शस्त्रक्रियेत हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग गमावलेल्या एका रुग्णाचा ब्रेंडा मिल्नर यांनी अभ्यास केला. आरशात पाहून चांदणी गिरवण्यात त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला; आपण हे पूर्वी केले आहे, याची मात्र त्याला आठवण नव्हती. हाताची सवय ही निराळी स्मृती आहे. स्मृतिभ्रंशातही जुन्या सवयी पुष्कळदा दीर्घकाळ टिकतात, आणि शोध घेणाऱ्याला हीच वाट उपयोगी पडते. आईने जन्मभर पैसे जेथे जपून ठेवले, तेथे आधी पाहावे : साडीची घडी, उशीचा अभ्रा, डाळीचा डबा, देव्हाऱ्याचा खण, गादीखाली. अशा जागांची एक यादी घरात करून ठेवावी. केराची टोपली रिकामी करण्यापूर्वी तपासावी.

व्यवस्थाही सोपी करावी. किल्ली, चष्मा, बटवा यांना दारापाशी एकच ठळक जागा द्यावी, झाकणाऐवजी उघडी परडी ठेवावी. कपाटावर मोठ्या अक्षरांत किंवा चित्राने खूण करावी. किल्लीची दुसरी प्रत आणि शक्य तर जादा चष्मा ठेवावा. दागिने, बँकेची कागदपत्रे व औषधे मात्र घरच्यांनी सांभाळावीत. घराची मांडणी वारंवार बदलू नये.

वागणुकीचा भाग याहून कठीण. ‘कोणी नेली नाही, तूच हरवलीस’ असे म्हटल्याने भांडण वाढते. ‘आई, थांब, दोघं मिळून बघू’ एवढे म्हणावे. वडिलांना ‘बाबा, तुम्ही हा खण बघा, मी तो बघतो’ असे काम द्यावे. वस्तू सापडली की ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ हा विजय मिरवू नये. ती आनंदाने हाती द्यावी.

चोरीचा आळ बहुधा घरकामाच्या बाईवर येतो. आईची समजूत काढण्यासाठी आपण गप्प बसलो, तर त्या निरपराध बाईची अब्रू आणि रोजी दोन्ही जाऊ शकतात. आईशी वाद घालू नये हे खरे. परंतु त्या बाईला बाजूला घेऊन आजाराची कल्पना देणे, तिच्यावर आपला विश्वास आहे हे स्पष्ट सांगणे आणि शेजाऱ्यांत अफवा पसरू न देणे हे घरच्यांचे कर्तव्य आहे.

विसर वाढू लागताच डॉक्टरांना दाखवावे. थायरॉईडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा औदासीन्य यांनीही स्मरणशक्ती मंदावते आणि त्यांवर उपचार आहेत. अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध आज नाही. म्हणूनच सोबतीचे मोल मोठे. विद्यार्थिमित्रहो, लहानपणी आपली हरवलेली पाटी, पेन्सिल आणि रबर कोणी शोधून दिले, याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही. एकच किल्ली दिवसातून दहादा शोधावी लागली, तर तो आपणही ठेवू नये.