वापर वाढला म्हणून शेअर वाढत नाही

अंतरवाली सराटीसारख्या गावातही आता किराणा दुकानात क्यूआर कोडचा फलक असतो आणि पैसे जमा झाले की शेजारचा डबा मोठ्यानं ओरडून सांगतो. लाइट बिलासाठी अंबडची रांग धरायची गरज उरलेली नाही. महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकला की काम झालं, वर कर वगळून रकमेवर पाव टक्का सूटही मिळते. यूपीआयनं ऑगस्ट 2023 मध्ये महिन्याला 1000 कोटी व्यवहारांचा टप्पा गाठला आणि दोनच वर्षांत 2000 कोटींचा. हे आकडे दाखवून मोसंबीचे, कापसाचे पैसे या धंद्यातल्या कंपन्यांच्या शेअरमध्ये घालायला सांगणारे पुष्कळ भेटतात. माझं म्हणणं एवढंच आहे की सेवा खुशाल वापरा, पण वापराची वाढ म्हणजे भागधारकाची कमाई असं समजू नका. या धंद्याच्या चाव्या कंपनीच्या नव्हे, दुसऱ्यांच्याच खिशात आहेत.

पहिली चावी दराची. 1 जानेवारी 2020 पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचं व्यापाऱ्याकडून घ्यायचं शुल्क सरकारनं शून्य केलं. बदल्यात सरकार प्रोत्साहन देतं. 2024-25 साठी 1500 कोटींची तरतूद झाली, तीही छोट्या दुकानदारांना मिळालेल्या 2000 रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर 0.15 टक्के या दरानं. म्हणजे 2000 रुपयांमागे तीन रुपये, आणि तेही बँका आणि ॲप यांच्यात वाटून. बिलाचंही तसंच. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज राज्य सरकारनं एप्रिल 2024 पासून मोफत केली. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, पण जे बिल शेतकऱ्याला भरायचंच नाही ते ॲपवरून कोण भरणार? दुसरी चावी परवान्याची, ती रिझर्व्ह बँकेकडे. आणि इंटरनेटची चावी प्रशासनाकडे: फेब्रुवारी 2024 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या काळात अंबड तालुक्यात संचारबंदी लागली, जालन्यासह शेजारच्या जिल्ह्यांत इंटरनेट थांबलं, तेव्हा क्यूआर कोडचा फलक नुसता भिंतीवर राहिला.

पेटीएमच्या शेअरनं हे सगळं पाहिलं. नोव्हेंबर 2021 मध्ये 18,300 कोटींचा, त्या वेळेपर्यंतचा देशातला सर्वांत मोठा आयपीओ आला. त्यातले 10,000 कोटी कंपनीत गेलेच नाहीत. जुन्या भागधारकांनी आपले शेअर विकून ते घेतले. सहा शेअरचा एक लॉट 12,900 रुपयांना पडला आणि 18 नोव्हेंबरला, नोंदणीच्या पहिल्याच दिवशी, त्याचे साडेनऊ हजारही उरले नाहीत. पुढे 31 जानेवारी 2024 ला रिझर्व्ह बँकेनं पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा लागोपाठ दोन दिवस शेअर वीस-वीस टक्क्यांनी आपटला. ॲप वापरणारे लोक रातोरात कमी झाले नव्हते. परवान्याची चावी फिरली होती.

यावर कोणी म्हणेल, मोठमोठे परदेशी गुंतवणूकदार काय खुळे आहेत? खुळे नाहीत, पण त्यांना मागे फिरता येतं. मुंबईची बिलडेस्क ही ऑनलाइन बिलभरण्यातली जुनी कंपनी. ती 470 कोटी डॉलरला घेण्याचा करार पेयू या परदेशी मालकीच्या पेमेंट कंपनीनं 2021 मध्ये जाहीर केला. ऑक्टोबर 2022 मध्ये, अटी पूर्ण न झाल्याचं सांगत, पेयूच्या मूळ कंपनीनं तो मोडला. किरकोळ गुंतवणूकदाराला अशी पळवाट नसते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बिल हे नुसतं दार आहे, खरी कमाई पुढे कर्ज आणि विम्यातून होणार. मान्य. पण मग तुम्ही सावकारीत पैसे घालताय आणि तोलायचं ते त्याच तराजूत. नोव्हेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनं विनातारण कर्जाचे नियम कडक केले. डिसेंबरात पेटीएमनं 50,000 रुपयांखालची कर्जं कमी करणार असल्याचं सांगितलं आणि शेअर एका दिवसात सुमारे वीस टक्के पडला. 2025 मध्ये तो पुन्हा हजाराच्या वर गेला हेही खरं. पण 2150 ला घेणाऱ्याचं मुद्दल चार वर्षांनीही वसूल झालेलं नव्हतं.

म्हणून अर्ज भरण्याआधी माहितीपत्रकात तीन गोष्टी शोधा. आयपीओतला किती पैसा कंपनीत जाणार आणि किती जुन्या भागधारकांच्या खिशात. उत्पन्नातलं किती शुल्कातून येतं आणि किती सरकारी प्रोत्साहनातून. नफा धंद्यातून झालाय की एखादा विभाग विकून. तिन्हींची उत्तरं समजली नाहीत, तर बियाण्याचे, शाळेच्या फीचे आणि दवाखान्याचे पैसे तिकडे लावू नका. लाइट बिल मात्र ऑनलाइनच भरा. या व्यवहारातला खात्रीचा फायदा तोच पाव टक्का आहे.