कापड रंगवले होते की रंगवत होतो? : इंग्रजी पत्रातील 'हॅड' आणि 'हॅड बीन'

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांचा तोंडी व्यवहार मराठी-उर्दूत होतो. पण बाहेरच्या पार्टीशी, विशेषतः निर्यातीच्या मालाची लिखापढी इंग्रजीतच करावी लागते. दर, मीटर, तारीख आपण बिनचूक लिहितो. घोटाळा होतो तो घडून गेलेल्या गोष्टी सांगताना. रद्द झालेली ऑर्डर, उशीर, तक्रार अशा पत्रांत भूतकाळाचे एक रूप चुकले, तर पैशांचा हिशेब बदलतो. म्हणून आज 'हॅड' आणि 'हॅड बीन' एवढाच धडा घेऊ.

समजा, २००० मीटर पॉपलिन रंगवून द्यायची होती. १० तारखेला पार्टीचे पत्र आले की ऑर्डर रद्द. आपण उत्तर लिहितो : 'व्हेन युवर लेटर केम, वी हॅड डाइड द क्लॉथ.' अर्थ असा, की पत्र येण्याआधीच कापड रंगवून झाले होते. आता हेच असे लिहिले : 'व्हेन युवर लेटर केम, वी हॅड बीन डाइंग द क्लॉथ फॉर थ्री डेज.' म्हणजे पत्र आले तेव्हा तीन दिवसांपासून रंगकाम चालू होते. किती रंगले आणि किती कोरे राहिले, याचा पत्ता या वाक्यात नाही. समोरचा लगेच विचारणार, मग पूर्ण मालाचे पैसे कशाचे मागता? दोन्ही वाक्ये व्याकरणाला शुद्ध आहेत. पण पहिल्याने पूर्ण मालाची मागणी उभी राहते आणि दुसऱ्याने फार तर झालेल्या कामाची. खरे काय घडले ते पाहूनच रूप निवडावे. (रंगवणे या अर्थाचे 'डाइंग' लिहिताना 'वाय'नंतरचा 'ई' गाळू नये. तो गाळला की 'आम्ही मरत होतो' असे होते!)

निवड करताना आम्ही स्वतःला एक प्रश्न विचारतो : मला 'किती झाले' हे सांगायचे आहे, की 'किती वेळ चालले होते' हे? मीटर, नग, गाठी, किती वेळा, असा आकडा आला की साधे 'हॅड' आणि क्रियापदाचे तिसरे रूप : 'वी हॅड डाइड ट्वेल्व्ह हंड्रेड मीटर्स.' इथे 'हॅड बीन डाइंग ट्वेल्व्ह हंड्रेड मीटर्स' चालणार नाही. मुदत सांगायची असेल तर 'हॅड बीन' आणि 'आयएनजी'चे रूप. वरच्या प्रकरणात काम अर्धवट असेल, तर उत्तम पत्र दोन्ही रूपे घेऊन लिहावे : 'वी हॅड बीन डाइंग फॉर थ्री डेज अँड हॅड फिनिश्ड ट्वेल्व्ह हंड्रेड मीटर्स.' तीन दिवसांची मेहनतही आली आणि १२०० मीटरचा हक्कही आला.

आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांची अडचण थोडी वेगळी आहे. कवायदमध्ये आपण माज़ी बईद शिकलो, माज़ी इस्तमरारी शिकलो. 'कपड़ा रंग चुके थे' म्हटले की साधे 'हॅड' चटकन सुचते. पण 'तीन दिन से रंग रहे थे' या वाक्यात क्रियापद 'रंग रहे थे' हेच राहते, मुदतीचे सगळे ओझे 'से' उचलतो. मराठीत तेच काम 'पासून' करतो. म्हणून आपल्या हातून 'वी वेअर डाइंग सिन्स मंडे' असे लिहिले जाते. इंग्रजीत क्रियापदही बदलावे लागते : 'वी हॅड बीन डाइंग सिन्स मंडे.' सुरुवातीचा दिवस सांगायचा तर 'सिन्स', मुदत सांगायची तर 'फॉर'. 'से' मात्र दोन्हीकडे एकच, त्यामुळे इथेही गफलत होते.

याच्या उलट, मराठीत आपण 'माल ५ मार्चला पाठवला होता' सहज म्हणतो आणि इंग्रजीतही 'हॅड सेंट' लिहून मोकळे होतो. तारीख दिली आहे आणि तुलनेला दुसरी घटना नाही, तर साधे 'वी सेंट द गुड्स ऑन फिफ्थ मार्च' पुरे. झालेल्या दोन गोष्टींतली आधीची कोणती, हे दाखवायचे असेल तेव्हाच 'हॅड'.

सर्वांत फसवा शब्द 'बीन'. 'द गुड्स हॅड बीन पॅक्ड' यात 'बीन' आहे, पण काम चालू नाही. माल बांधला गेला होता, काम पूर्ण झाले होते. 'बीन'च्या पुढचा शब्द पाहावा. तिसरे रूप असेल तर केले गेले होते, 'आयएनजी' असेल तर करत होतो. 'द गुड्स हॅड बीन पॅकिंग' हे मात्र चूक, माल स्वतःला बांधत नाही.

माहीत असणे, मालकीचे असणे अशा क्रियापदांना, कितीही वर्षे झाली तरी, 'आयएनजी' लावत नाहीत. 'वी हॅड नोन धिस पार्टी फॉर टेन इयर्स' असेच लिहावे. 'वर्क', 'लिव्ह' यांना दोन्ही रूपे चालतात, तिथे फार डोके खपवू नये.

एक उपयोग तक्रारीच्या उत्तरात कामाला येतो. गाठी ओलसर निघाल्या, पाऊस तोवर थांबलाही होता, तरी त्याचा परिणाम समोर दिसतो, म्हणून : 'इट हॅड बीन रेनिंग ऑल नाइट, बट वी हॅड कव्हर्ड द बेल्स.' पाऊस रात्रभर चालू होता, झाकण्याचे काम मात्र आपण पुरे केले होते. इथे घाईत 'वी हॅड बीन कव्हरिंग द बेल्स' लिहिले, तर झाकणे अर्धेच झाले होते असा अर्थ लावायला समोरच्याला वाव मिळेल आणि नुकसान आपल्या माथी बसेल.

सरावासाठी हे वाक्य आधी स्वतः लिहून पाहावे : लाइट गेली तेव्हा माग सहा तासांपासून चालू होते आणि चार ताके उतरले होते.

उत्तर : 'व्हेन द पॉवर वेंट ऑफ, द लूम्स हॅड बीन रनिंग फॉर सिक्स अवर्स अँड वी हॅड फिनिश्ड फोर पीसेस.'