गुडघा बदलल्यानंतरचे पहिले सहा आठवडे

संपूर्ण गुडघा-प्रत्यारोपण, म्हणजे सांध्याचा झिजलेला पृष्ठभाग कापून हाडांच्या टोकांवर धातूचे आवरण आणि मध्ये पॉलिएथिलीन या टणक प्लास्टिकची चकती बसविणे, ही शस्त्रक्रिया मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यावर २००० आणि २००१ मध्ये एकेका गुडघ्यासाठी केली, तेव्हा तिची बरीच चर्चा झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली, परंतु रुग्णालयाचे उरलेले बिल त्या मर्यादेबाहेरच राहते आणि फिजिओथेरपीचा खर्च तर अनेकांच्या हिशेबातही नसतो.

ही उणीव महागात पडते, कारण गुडघा किती वाकेल आणि किती सरळ होईल याचा बराचसा निर्णय पहिल्या सहा आठवड्यांत, घरीच होतो. प्रस्तुत लेखक भाईंदर पश्चिमेच्या एका लिफ्ट नसलेल्या इमारतीत शस्त्रक्रियेनंतर परतला, तेव्हा भेटीस येणारा प्रत्येकजण मायेने गुडघ्याखाली उशी सरकवीत असे. तिने दुखणे खरोखरच कमी होते, मात्र सांधा किंचित वाकलेल्या अवस्थेतच आखडू लागतो, आणि फिजिओथेरपिस्टने ती उशी काढून टाचेखाली ठेवली, तेव्हाच्या वेदनेचे वर्णन न केलेले बरे. वाकण्याची मोजणी सारे करतात, सरळ होण्याकडे फारसे कोणी पाहत नाही; वास्तविक पाय पूर्ण सरळ झाला नाही तर चाल लंगडीच राहते.

जिने चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी टाकावा. सूज तीन ते सहा महिने टिकू शकते आणि व्रणाच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर राहते, कारण तेथील संवेदनेच्या बारीक नसा छेद घेताना कापल्या जातात; या दोन्ही गोष्टींवरून शस्त्रक्रिया फसली असा निष्कर्ष काढू नये. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, आणि धाप लागली किंवा छातीत दुखले, तर क्षणही न दवडता तातडीच्या विभागात जावे. जखमेतून स्राव येऊ लागला, तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नये. त्याने जंतू मरत नाहीत, दबतात, आणि मग सांध्यातील द्रव तपासूनही नेमका जंतू सापडत नाही.