पोलाद वितळत नाही, तरी इमारत का कोसळते?

प्रश्न : पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते, इमारतीतील आग सहसा तेथवर पोहोचत नाही. मग पोलादी सांगाडे आगीत का ढासळतात? – एक वाचक

उत्तर : आपण द्रवणांक प्रमाण मानला आहे, परंतु ज्या पोलादाने मजल्यांचा भार अहोरात्र पेललेला असतो, त्याचा निकाल वितळण्याच्या पुष्कळ आधीच, सामर्थ्याच्या क्षयाने लागतो. सुमारे ४०० अंशांपर्यंत हे सामर्थ्य बहुतांशी शाबूत राहते. ६०० अंशांस ते निम्म्याहून किंचित खाली येते आणि ताठरपणा तर जेमतेम एक-तृतीयांशाच्या आसपास उरतो, त्यामुळे तुळई तुटण्यापूर्वीच झोळीसारखी लोंबू लागते. शिवाय दहा मीटरांची तुळई ५०० अंशांनी तापल्यास सहा-सात सेंटिमीटर लांबते. टोके जखडलेली असल्यास तीत प्रचंड दाब उत्पन्न होतो, आणि निवताना तीच आकुंचन पावून सांध्यांचे बोल्ट तोडू शकते.

तथापि एकटी तुळई आणि अखंड इमारत यांची वर्तणूक भिन्न असते. इंग्लंडातील कार्डिंग्टन येथे १९९५-९६ साली आठमजली पोलादी इमारतीत मुद्दाम आगी लावण्यात आल्या, तेव्हा अनाच्छादित तुळया १००० अंशांपलीकडे तापूनही मजले कोसळले नाहीत, कारण वाकलेल्या काँक्रीटच्या लादीने ताणाच्या बळावर भार आजूबाजूस वाटून दिला. मात्र जेथे खांबांचा माथा उघडा राहिला होता, तेथे ते चेपले गेले. म्हणून जिप्समचे फलक किंवा उष्णतेने फुगणारा रंग अशा आगरोधक आच्छादनांवर खर्च करताना खांबांचा हक्क पहिला समजावा.