फोडणीच्या वासानं डोकं दुखतं का?

प्रश्न : माझी सून तीन वर्षांपूर्वी घरात आली. पोरगी चांगली आहे, नोकरी सांभाळून घरचंही बघते, उलट बोलत नाही. पण महिन्यातून चार-पाच वेळा तिचं डोकं उठतं आणि मग कुकरची शिटी नको, ट्यूब नको, उदबत्ती नको, फोडणीचा वास तर नकोच. गेल्या महिन्यात मी मायेनं बाम चोळायला गेले तर तिनं माझा हात झटकला. आणि हीच पोरगी भावाच्या लग्नात बँडपुढं तासभर नाचली. मी निम्मं आयुष्य चुलीच्या धुरात काढलं, मला कधी वासानं डोकं दुखल्याचं आठवत नाही. खरंच वासानं, उजेडानं डोकं दुखू शकतं का? आणि दुखत असेल तर एका घरात राहायचं कसं? तिला विचारलं तर तिला वाटेल मी संशय घेते, म्हणून तुम्हाला विचारते.
ता. क. रविवारी न्हायली की हमखास दुखतं म्हणते. हे तर मी कधी ऐकलंच नव्हतं.
– एक सासूबाई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी स्वतः एकोणिसाव्या वर्षापासून अर्धशिशीची आहे, त्यामुळे तुमच्या पत्रात माझी खुर्ची सुनेच्या बाजूला आहे. मी डॉक्टर नाही. जे वाचलं, जे सोसलं आणि माझ्यासारख्याच बायकांकडून जे ऐकलं ते सांगते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’. तुम्ही लिहिलंय ते सगळं अर्धशिशीशी म्हणजे मायग्रेनशी जुळतं. ती तीच आहे ना, हे मात्र डॉक्टरांनी बघायला हवं. उजेड आणि आवाज सहन न होणं हे या दुखण्याच्या व्याख्येतच आहे. औषध न घेतल्यास एक झटका चार तासांपासून ७२ तासांपर्यंत चालतो. बायकांमध्ये हे दुखणं पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतं. या दुखण्यामागची रसायनं शोधून काढणाऱ्या चार शास्त्रज्ञांना २०२१ साली मेंदूविज्ञानातलं ‘ब्रेन प्राइझ’ मिळालं. नाटकालाही बक्षिसं मिळतात म्हणा, पण ती स्पर्धा वेगळी.

आता वास. आपल्या नाकात एक नाही, दोन तारा आहेत. एक नुसता वास ओळखणारी. दुसरी चेहऱ्याची मोठी संवेदना-नस, डॉक्टर तिला ट्रायजेमिनल म्हणतात. वासातला चटका, झणका, ठसका ही दुसरी नस मेंदूला कळवते. फेसलेली मोहरी नाकात जाते तेव्हा कपाळापर्यंत जी सणक उठते ना, तो वास नव्हे, तो या नसेचा निरोप. मिरची भाजताना शिंका येतात त्याही तिच्यामुळे. कढईतलं तेल धुरावलं की त्यातून अ‍ॅक्रोलीन नावाचा वायू निघतो, तोही याच नसेला डिवचतो. आणि अर्धशिशीत जी नस पेटलेली असते ती नेमकी हीच. तुमच्या चुलीच्या धुरानं तुमचे डोळे चुरचुरले असतील, खोकला आला असेल. तुमची नस तेवढ्यावर शांत झाली. तिची होत नाही. एकाच घरात दोघींची नाकं वेगळी असू शकतात, जशी एकीची त्वचा उन्हानं काळवंडते आणि दुसरीची भाजते.

उजेडाचं तर आणखी नवल. बोस्टनच्या संशोधकांनी २०१० साली अर्धशिशी असलेल्या अंध माणसांवर अभ्यास केला. ज्यांच्या डोळ्यांना वस्तू दिसत नव्हत्या पण उजेड-अंधार कळत होता, त्यांचंही दुखणं उजेडानं वाढत होतं. ज्यांच्या डोळ्यांतून मेंदूकडे काहीच जात नव्हतं, त्यांचं वाढत नव्हतं. म्हणजे डोळ्यातून दुखण्याच्या केंद्राकडे जाणारी वेगळी वाट आहे, आणि बघण्याशी तिचा फारसा संबंध नाही. तुमच्याकडे जुन्या जाड चोकची ट्यूब असेल तर ती सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. आपल्याला दिसत नाही, पण मेंदूला लागते. इंग्लंडमधल्या एका कचेरीत अशा ट्यूब बदलून न लुकलुकणाऱ्या लावल्या तेव्हा डोकेदुखीच्या आणि डोळे दुखण्याच्या तक्रारी निम्म्याहून कमी झाल्याचं १९८९ साली प्रसिद्ध झालं. चांगल्या प्रतीचा, न लुकलुकणारा पिवळसर एलईडी दिवा हा तुमच्या घरातला सगळ्यात स्वस्त उपाय ठरेल.

पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचला तो झटकलेला हात.

ताई, तो हात तिनं तुमचा म्हणून झटकला नाही. झटका सुरू होऊन तास-दोन तास गेले की मेंदूतल्या दुखण्याच्या पेशी इतक्या हळव्या होतात की साधा स्पर्शही त्यांना दुखणं म्हणूनच कळतो. केसांवरून कंगवा फिरवला तर आग होते. कानातलं जड होतं, उशी टोचते, केसांचा रबर सोडून टाकावा लागतो. मी एकदा माझ्या आईचा हात असाच झटकला होता आणि ती दोन दिवस बोलली नव्हती. तेव्हा मला तरी कुठं माहीत होतं काय होतंय ते. शिवाय बाम म्हणजे उग्र वासच की! तिच्या पेटलेल्या नसेवर तुम्ही मायेनं आणखी एक वास चोळत होता. काही बायकांना बाम सोसतो, बरंही वाटतं. तिला नाही सोसत, एवढंच. चोळण्याऐवजी फडक्यात गुंडाळलेला बर्फ तिच्या हातात द्या. ठेवायचा की नाही ते ती ठरवेल.

लग्नातल्या नाचाबद्दल. ज्या दिवशी मेंदू शांत असतो त्या दिवशी बँड चालतो. ज्या दिवशी तो आतून खवळू लागलेला असतो त्या दिवशी चमचा पडला तरी पुरे. यात एक गंमत आहे, ती मला स्वतःला फार उशिरा कळली. पुष्कळदा झटका डोकं दुखण्याच्या बरेच तास आधी, कधी आदल्या दिवशीच सुरू झालेला असतो. जांभया येतात, गोड खावंसं वाटतं, चिडचिड होते, वास जास्त जाणवू लागतात. मग दुपारी फोडणी पडते, तिला ती असह्य होते, संध्याकाळी डोकं दुखतं आणि आपण म्हणतो फोडणीनं दुखलं. खरं तर दुखणं येऊ घातलं होतं म्हणून फोडणी असह्य झाली. डेन्मार्कमध्ये २०१३ साली असाच पडताळा घेतला. प्रखर उजेडानं किंवा दमवणाऱ्या व्यायामानं झटका येतो असं सांगणाऱ्या २७ जणांना मुद्दाम उजेडात बसवलं, पळवलं. झटका आला अवघ्या सहा जणांना. तेव्हा फोडणीचा गुन्हा दरवेळी सिद्ध झालाय असं समजू नका. पण हे ऐकून उद्या तिला ‘बघ, फोडणीचं काही नव्हतंच’ असंही म्हणू नका. कारण झटका फोडणीनं आलेला असो वा नसो, त्या वेळी तो वास तिला छळत असतो हे खरंच आहे.

आता राहायचं कसं.

आमच्या घरी एक युक्ती चालते, ती माझ्या सासूबाईंनी काढली. झटक्यात बोलणं जड जातं आणि दरवेळी ‘माझं डोकं दुखतंय’ म्हणायची लाजही वाटते. म्हणून ओट्यावर फुलपात्र पालथं ठेवायचं. पालथं फुलपात्र दिसलं की कुणी काही विचारायचं नाही. कुकर लावायचा नाही, भात पातेल्यात. उदबत्तीऐवजी नुसता दिवा आणि फूल. देवाची त्यावर आजवर तक्रार आलेली नाही. फोडणी करायचीच असेल तर कढल्यावर झाकण, आणि एक्झॉस्ट पंखा तेल तापायच्या आधी लावायचा. आपण सगळ्याजणी तो ठसका लागल्यावर लावतो. तिच्या खोलीच्या दाराखालच्या फटीला जुनं लुगडं गुंडाळून ठेवायचं. आणि दर दहा मिनिटांनी ‘आता कसं वाटतंय?’ म्हणून डोकावायचं नाही. प्रेमानं डोकावलं तरी दार उघडतं आणि उजेड आत येतो.

तुमच्या भागात उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते. मिरच्या, खोबरं, गरम मसाला घरी भाजून मग डंकावर न्यायचं. तो दिवस तिला आठवडाभर आधी सांगा, जमलं तर ती कामावर असताना भाजा. चटणी बंद करू नका. मी मुद्दाम सांगते, कारण काही घरांत दुसरं टोक गाठलेलं पाहिलंय: घरात लसूण येत नाही, पडदे कायम ओढलेले, सून कायम काळ्या गॉगलमध्ये. सारखं अंधारात राहिलं की डोळे अंधाराला सरावतात आणि साधा उजेडही मग जास्त बोचतो. बऱ्या दिवशी तिनंही स्वयंपाकघरात उभं राहावं, उन्हात यावं.

उपाशी राहणं आणि झोपेची वेळ चुकणं ही फोडणीपेक्षा जास्त खात्रीची कारणं आहेत. इथं तुमच्या हातात असं काही आहे जे तिच्या हातात नाही. हरितालिकेला निर्जळी धरणार नाही असं सुनेनं म्हटलं की तो सबबीचा विषय होतो. तुम्ही म्हटलंत, ‘तू दूध-फळं घे, निर्जळीचं मी बघते,’ की विषयच संपतो.

बाकी तुमच्या अख्ख्या पत्रात मुलगा कुठं दिसला नाही. फुलपात्र पालथं असेल त्या संध्याकाळी वरण-भात त्यानं लावावा. बायकोचं दुखणं आईनं खरं मानलंय की नाही, यावर त्याची संध्याकाळ अवलंबून असू नये.

औषधाचं एक मात्र लक्षात ठेवा. गोळी सुरुवातीलाच घेतली तर लागू पडण्याची शक्यता जास्त. स्पर्श दुखू लागेपर्यंत थांबलं की ती कमी होते. पण गोळ्यांचे दिवस मोजा. साधी वेदनाशामक महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या किंवा अर्धशिशीच्या खास ट्रिप्टान गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं तर गोळीच डोकेदुखी वाढवू लागते. कॅलेंडरवर दुखण्याच्या दिवशी एक फुली, गोळीच्या दिवशी एक गोल, इतकं पुरतं. तिचे चार-पाच झटके आहेत. त्यांतही तीन तीन दिवस आडवं पडावं लागत असेल तर झटके कमी करणारी रोजची औषधं असतात, त्याबद्दल मेंदूविकारतज्ज्ञांना विचारता येतं. अचानक वीज पडावी तसं दुखणं, सोबत ताप आणि मान ताठणं, हात-पाय लुळा पडणं, जीभ जड होणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं. यांतलं काही असेल तर फुलपात्र बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठा. घरगुती उपायांचं म्हणाल तर सूर्योदयापूर्वी दूध-जिलबी खाण्याचा आपला जुना उपाय मी तीन वेळा केला. जिलबी उत्तम होती.

तिला विचारू शकत नाही म्हणता, पण ‘हे खरं का?’ हा प्रश्न सोडला तर सगळं विचारता येतं. ती बरी असेल त्या दिवशी चहा घेताना विचारा: ‘तुला आधी कळतं का गं, येणार आहे ते? मला कसं कळेल?’ माझ्या सासूबाईंनी मला हे लग्नानंतर सातव्या वर्षी विचारलं. फुलपात्र त्याच दिवशीचं.

आणि तुमचा ता. क. न्हाण्यानं डोकं दुखणं हे तिनं शोधून काढलेलं नाही. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी अशा ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं २००६ साली एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. बाहेरच्या जगाला ते नवीन होतं. लांब केस, डोक्यावरून पाणी, ओले केस तसेच गुंडाळून कामाला लागणं. आपल्याकडं काय, दर रविवारचंच. मी स्वतः रिकाम्या पोटी न्हात नाही आणि केस टॉवेलनं टिपून लगेच वाळवते, त्यानं माझ्यापुरता बराच फरक पडला. तुम्ही कधी ऐकलं नव्हतं म्हणता. पण आठवून बघा, तुमच्या सासूबाई, आत्या, एखादी जाऊ, न्हायल्यावर दुपारी डोक्याला फडकं करकचून बांधून, तोंड भिंतीकडं करून माजघरात पडलेली कधी पाहिली होतीत का?